विषय : बिननाकाचे दोन उमेदवार

प्रति,
सन्माननीय सदस्य,
श्वान निवड समिती (बैठकीचे ठिकाण : डायनिंग टेबल),
तिसरा मजला, नागपूर.

विषय : पग घ्यावा की शिह त्झू, याबाबत.
संदर्भ : गेल्या सात रविवारांची भांडणे.

महोदय व महोदया,

हे पत्र खुले आहे, कारण ते फ्रिजच्या दारावर संत्र्याच्या चुंबकाखाली लावले आहे आणि या घरात फ्रिजचे दार जेवढे पाहिले जाते तेवढे दुसरे काहीच पाहिले जात नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले असते तर खाली दोन अंगठे आले असते आणि विषय संपला असता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे टिपण्या लिहिल्या. भाषा अधूनमधून सरकारी होईल, सांभाळून घ्यावे.

समितीची रचना सर्वांना ठाऊक आहे, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. चिरंजीव अध्यक्ष, ते पगला मत देतात (हे वाक्य हिंदीत वाचू नये). नात आठवीत असून ती आणि सूनबाई शिह त्झूच्या बाजूने आहेत. नातवाला दोन्ही हवेत. सौ. तटस्थ आहेत. कुत्रा पुढच्या दाराने आत आला की मी मागच्या दाराने अमरावतीला, असे त्यांनी जाहीर केले आहे. मात्र परवाच त्याला सायभात चालतो का, याची त्यांनी हळूच चौकशी केली. शिह त्झू हे नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही, त्या त्याला ‘शी-शू’ म्हणतात, आणि पुढच्या कामाचे स्वरूप पाहता तोच उच्चार मला बरोबर वाटतो.

मी समितीत नाही. मला फक्त एवढेच विचारण्यात आले की, ‘बाबा, तुम्हाला सकाळी साधारण किती वाजता जाग येते?’

अध्यक्षांचे पगप्रेम जुने आहे. २००३ साली ते कॉलेजात होते आणि टीव्हीवर हचची जाहिरात लागायची. मुलगा जाईल तिथे त्याच्यामागे तुरुतुरु एक पग. मोबाईलचे नेटवर्क असेच तुमच्या मागे मागे येईल, असा त्याचा अर्थ. नेटवर्क मागे आले की नाही ते ज्याचे त्याला ठाऊक, पग मात्र घरोघरी आले. त्याआधी १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने हेच केले होते. अंगणातल्या क्रिकेटला हा पांढरा कुत्रा पंच होता. त्याच्यासारखे पांढरे कुत्रे मग कॉलन्याकॉलन्यांत भुंकू लागले. सगळे त्यांना पामेरियन म्हणायचे आणि ते असायचे इंडियन स्पिट्झ. आता पाळी रील्सची आहे. तिथे डोक्यावर रबरबँडने शेंडी बांधलेला शिह त्झू मान वाकडी करून बघतो. म्हणजे कुत्रा निवडण्याचे काम सिनेमा, जाहिरात आणि मोबाईल परस्पर करून ठेवतात. समितीने सात रविवार उगाच घालवले.

दोन्ही उमेदवारांची घराणी मोठी आहेत, यात शंका नाही. पग मूळचा चीनचा, तिथून हॉलंडला गेला आणि ऑरेंज राजघराण्याचा लाडका झाला. ऑरेंज म्हणजे संत्रे, म्हणून त्याचे नागपूरशी जुने नाते आहे, हा नातवाचा मुद्दा मी इतिवृत्तात घेतला आहे. शिह त्झूचे मूळ तिबेटकडचे. सिंहासारखा दिसतो म्हणून नावातच सिंह आहे आणि चीनची राजमाता त्सु-शी हिच्या महालात त्याची बडदास्त असे. पुढे चीनमध्ये ही जात जवळजवळ नाहीशी झाली. आजचे जगभरचे शिह त्झू बाहेर राहिलेल्या अवघ्या चौदा कुत्र्यांपासून आले, ही माहिती नातीनेच काढली. तिने ती शिफारस म्हणून वाचून दाखवली. मी चौदाचा आकडा ऐकून गप्प बसलो. एवढ्या जवळच्या नात्यात आपण सोयरीकही करत नाही.

तिबेटच्या थंडीत वाढलेले केस आणि हॉलंडचा पाहुणचार, हे दोन्ही घेऊन उमेदवार कुठे येणार आहेत? नागपूरला. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे.

आता मुद्द्याचे. समितीने रंग पाहिला, शेपूट पाहिली, फोटोत कोण गोड दिसतो ते पाहिले. नाक पाहिले नाही. कारण पाहायला नाकच नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना काय येईल तेवढाच. त्याचा कूलर नाकात आणि जिभेवर असतो. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओले अस्तर असते. हवा त्यावरून गेली की पाणी उडते आणि रक्त थंड होते. ज्याने मार्चअखेरीस कूलरच्या ताट्यांतले गवत बदलले आहे त्याला हे आणखी समजावायला नको. आता त्या कूलरची पेटी ठोकून ठोकून वीतभराची करा आणि आतले गवत, पंप, पंखा सगळे आधीचेच ठेवा. झाला पग. माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून त्याची कवटी आखूड केली, आतला मऊ ऐवज त्या मापात आखूड व्हायचा राहून गेला. टाळूचा मागचा पडदा घशात लोंबतो, नाकपुड्या नखाने ओढलेल्या रेघेएवढ्या. शिह त्झूची पेटी बहुधा थोडी मोकळी असते, पण कारखाना तोच. आणि मे संपला की सुटलो असेही नाही. जुलैत हवा दमट झाली की आपला कूलर जसा नुसताच चिकट वारा फेकतो, तसे कुत्र्याचे धापा टाकणेही कामाचे राहत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मागच्या मे महिन्यात पहिल्या मजल्यावरचे कुटुंब लग्नाला चंद्रपूरला गेले आणि त्यांचा पग दोन दिवस माझ्याकडे आला. संध्याकाळी साडेसहाला, ऊन उतरले असे समजून मी त्याला खाली नेला. लिफ्टपासून गेट साठ-सत्तर पावले. जाताना तो ठीक होता. परत येताना त्याच्या घशातून कुकरची शिटी व्हायच्या आधी येते तशी घरघर सुरू झाली. जिन्याजवळच्या कोटा फरशीवर त्याने पोट टेकले, मागचे पाय बेडकासारखे पसरले आणि जीभ एवढी बाहेर काढली की ती त्या तोंडात मावत कशी होती, हा प्रश्न पडावा. जिभेचा रंग जांभळाकडे झुकला होता. चौकीदाराने बादली आणली. पोटावर आणि पंजांवर पाणी ओतले, उचलून वर नेला, कूलरसमोर ठेवला आणि मी जमिनीवर त्याच्या शेजारी बसलो. वीस मिनिटांनी घरघर खाली आली. मग तो माझ्या पायावर डोके ठेवून घोरू लागला. मी घाबरून फोन केला तर पलीकडून, मागे सनई वाजत असताना, उत्तर आले : ‘काका, तो नेहमीच असा आवाज करतो. क्यूट आहे ना?’

त्या ‘क्यूट’वरच माझे सगळे भांडण आहे. माणूस असा श्वास घेऊ लागला तर आपण त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये पगची इतर कुत्र्यांशी तुलना केली आणि आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसामान्य कुत्रा म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. श्वास अडण्याचा हा विकार पगमध्ये इतर कुत्र्यांपेक्षा सुमारे ५४ पट आढळला. ज्या हॉलंडने त्याला डोक्यावर घेतले, तिथेच आता ज्याचे नाक डोक्याच्या एक तृतीयांशाहूनही आखूड आहे अशा कुत्र्याची पैदास करायला मनाई आहे. ऑरेंज घराण्याचा मुद्दा नातवाने मागे घ्यावा.

सूनबाईंचा मुद्दा केसांचा आहे. शिह त्झूचे केस गळत नाहीत, सोफा स्वच्छ राहतो. अर्धे खरे आहे. त्याचे केस आपल्यासारखे वाढत राहतात आणि गळालेले केस सोफ्यावर पडण्याऐवजी त्याच्याच अंगावरच्या केसांत अडकून राहतात. मग गुंता होतो. नात आणि मी कुत्र्यांच्या पार्लरमध्ये जाऊन पाहून आलो. एका शिह त्झूच्या कानामागे सुपारीएवढी गाठ झाली होती, पार नमद्यासारखी घट्ट. तिथली मुलगी बोटाने कातडी धरून एकेक केस सोडवत होती आणि तो बिचारा राजमातेच्या दरबारात बसावा तसा बसला होता. आंघोळ, ड्रायर, नखे, कान, वरून रिबीन. बिल पाहून मी टोपी काढून स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. पगचे केस आखूड, पण ते बारमाही गळतात आणि काळ्या पँटमध्ये सुयांसारखे रुततात. त्याच्या चेहऱ्यावरच्या घड्या मात्र रोज पुसून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर वास आणि खाज. डोळे दोघांचेही बटबटीत आणि उघड्यावर. दिवाणखान्यात प्लास्टिकच्या चेंडूने चालणाऱ्या कसोटी सामन्यांबाबत नातवाने विचार करावा.

माझी एक आशा होती. सोसायटीचे सचिव कुत्र्यांच्या नावाने नेहमी बोटे मोडतात. ते बंदी घालतील आणि मी सुटेन. चौकशी केली तर कळले, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच तसे कळवून ठेवले आहे. सचिवांनी नाक मुरडले तरी उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट अध्यक्षांनी लपवली आहे, ती उघड करतो. त्यांच्या ओळखीतल्या कोणीतरी पस्तीस दिवसांचे पिल्लू ‘लगेच घेऊन जा’ म्हणून देऊ केले आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची नोंदणी लागते. पस्तीस दिवसांचे पिल्लू आईला पीत असते. त्याची आई दाखवा म्हटले की हे लोक ‘ती गावाला आहे’ म्हणतात. कुत्री गावाला जाते, हे मी प्रथमच ऐकले.

वयाचा हिशेब मी जलाशयाच्या पातळीसारखा मांडून पाहिला. या जातींचे कुत्रे बारा-तेरा वर्षेही जगू शकतात. नात चार वर्षांनी बारावी होऊन पुण्याला नाहीतर बंगलोरला जाईल. नातू तिच्यामागे. अध्यक्ष आणि सूनबाई सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री येतात. मी आज अडुसष्टचा आहे. म्हणजे तुम्ही जो कुत्रा निवडताय तो तुमच्यासाठी नसून, माझ्या ऐंशीच्या वर्षापर्यंतचा माझा सोबती निवडताय. मुलगी दाखवताना निदान मुलाला तरी विचारतात.

सबब, माझी शिफारस. पग नको. त्याच्यावर राग नाही. दोन दिवसांत त्याने मला लळा लावला आणि म्हणूनच नको. दोघांपैकीच घ्यायचा असेल तर शिह त्झू चालेल, पण डोक्यावर शेंडी न ठेवता, अंगभर बारीक कातरलेला. पिल्लू दोन महिन्यांच्या पुढचे असावे. आई प्रत्यक्ष पाहावी आणि तिचा श्वास ऐकावा. ज्याच्या नाकपुड्या त्यातल्या त्यात उघड्या ते पिल्लू निवडावे, मग त्याचा रंग इन्स्टाग्रामला चालो वा न चालो. एप्रिल ते जून सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच फिरवणे. गळ्यात पट्टा न बांधता अंगात घालायचा हार्नेस. ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, तो त्याच्या आसपासही नको, कुत्र्याला कांदा विषारी असतो. सायभाताचा निर्णय डॉक्टर देतील, सौं.नी मनाला लावून घेऊ नये.

गेटवरच्या लाल्याचे नाव कोणीच सुचवले नाही, याची फक्त नोंद करतो. त्याला भरपूर नाक आहे आणि तो नवतप्यात कारखाली झोपून सगळ्यांना ओळखतो. त्याने अर्ज केलेला नाही.

या पत्राखाली कामांचा तक्ता लावला आहे. पहाटे साडेपाचला फिरवणे, रात्रीचे फिरवणे, शी उचलणे, रोज विंचरणे, डोळे-कान पुसणे, लस, महापालिकेचा परवाना, दिवाळीत फटाक्यांच्या रात्री जवळ बसणे. प्रत्येकासमोर एक रकाना रिकामा ठेवला आहे. पेन दोरीने बांधले आहे. रविवारपर्यंत सगळे रकाने भरले तर माझी हरकत नाही, मी स्वतः गाडी काढतो.

आपला,
(घरातील ज्येष्ठ नागरिक, मताधिकार नसलेला)

ता. क. : आज रविवार. सकाळी तक्ता पाहिला. सात रकाने कोरे आहेत. पहाटे साडेपाचच्या रकान्यात एक नाव आले आहे. नाव माझे आहे, अक्षर माझे नाही.