भाऊंचा डावा पाय

"काहून वो, तुमाले समजलं नाई काय? कोपऱ्यावरच्या भाऊनं गाडी बदलली ना! बिनक्लचची आनली."

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला की हातातलं काम बाजूला ठेवायचं, असा आमच्या साईनगरातला रिवाज. काकू मूळच्या अकोल्याच्या, डाबकी रोडच्या. लग्न होऊन अमरावतीला आल्या त्याला जमाना झाला, पण अजूनही अमरावतीकरांचं जरा चुकतंच, असा त्यांचा सूर असतो. त्यांनी भिंतीवर तुरीच्या शेंगांचं सूप ठेवलं, म्हणजे बातमी लांबणार होती.

"ऑटोमॅटिक घेतली म्हणता?"

"हाव. अन् भाऊ म्हनजे कोन? ज्यानं जिंदगीत कोनाले इस्टेरिंगले हात लावू देल्ला नाई, तो मानूस! बायको शाळेची हेडमास्तरीन झाली, पोट्टी पुन्याले इंजिनेर झाली, पन गाडीची गोष्ट निघाली का यायचं एकच पालुपद, 'तुमाले क्लच समजत नाई.' घ्या आता. क्लचच गेला."

भाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात वावर, तिथल्या ट्रॅक्टरवरच पहिल्यांदा पाय टेकलेला. अशा माणसाच्या डाव्या पायाला चाळीस वर्षांची नोकरी असते. गुडघ्याच्या डॉक्टरनं तपासता तपासता विचारलं, गाडी कोणती, गिअरची की बिनगिअरची? तिथून ही चक्रं फिरली म्हणे.

"मंग? जमली का?"

"कायची जमते! पयल्याच दिवशी पंचवटी चौकात सिग्नल लागला, भाऊनं सवयीनं डावा पाय गच्चकन हानला. क्लच समजून हानला, अन् तिथं होता ब्रेक! गाडी जागच्या जागी खिळली. मांगचा आटोवाला येऊन बम्परले टेकला."

"मी तर राजकमलला झालं असं ऐकलं."

"कोनी राजकमल म्हन्ते, कोनी पंचवटी. चौक कोनताबी असो, पाय भाऊचाच होता."

पाय भाऊंचा असला तरी दोष एकट्या भाऊंचा नाही. क्लच तळापर्यंत दाबायचा असतो आणि ब्रेक मायेनं. डाव्या पायाला ती माया कधी शिकवलेलीच नसते. म्हणून जाणते लोक सांगतात, सुरुवातीला डावा पाय सरळ सीटखाली ओढून घ्या; गती आणि ब्रेक दोन्ही उजव्याच पायानं. काकूंचं म्हणणं, वहिनींनी भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. हे मला खरं वाटलं.

काकूंचा भाचा अकोल्यात गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. त्यामुळे या विषयावर काकूंचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा. "थे ऑटोमॅटिक म्हनजे काई जादू नाई," त्या शेंग सोलत म्हणाल्या. "भाऊच्या गाडीत जुनाच गिअरबॉक्स हाय, क्लच बी हाय. घर तेच, चूल तीच, फक्त सैपाकाले बाई लावली."

भाच्यानं सांगितलेलं बरोबरच आहे. एएमटी म्हणतात ती हीच. नेहमीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवायची. क्लच ती दाबणार, गिअर ती टाकणार, आणि कधी टाकायचा हे एक छोटा संगणक ठरवणार. इटलीच्या मॅग्नेटी मारेलीची ही यंत्रणा मारुतीनं फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओत आणली आणि तिला ऑटो गिअर शिफ्ट असं नाव दिलं. त्याआधी ऑटोमॅटिक गाड्या नव्हत्या असं नाही, पण त्या लाखभर रुपयांनी महाग आणि पेट्रोल ढोसणाऱ्या. आपल्याकडे त्या डॉक्टरांच्या आणि बिल्डरांच्या दारात दिसत. एएमटीला मॅन्युअलपेक्षा पन्नास-साठ हजार जास्त पडतात आणि मायलेज जवळपास तेवढंच मिळतं. वऱ्हाडी माणूस एवढ्या दोन आकड्यांवर निर्णय घेतो. रंग नंतर.

"पन हिसका देते म्हने?"

"देते ना. गिअर बदलताना मान डोलवते," काकू म्हणाल्या. "वहिनी म्हने, पयल्या हप्त्यात सासूबाई मांगच्या सीटवर बसून साऱ्या रस्त्यानं हो-हो करत होत्या."

मी हसले, पण पुढची गोष्ट खरी कामाची होती. हा हिसका भाऊंनीच घालवला. चाळीस वर्षांचा कान आहे त्यांचा. इंजिनचा आवाज चढला की आता गिअर पडणार हे त्यांना गाडीच्या आधी कळतं. ते डावीकडे बसून म्हणतात, "आता." ॲक्सिलेटरवरचा पाय जरासा सैल करायचा, गिअर लोण्यासारखा पडतो, पुन्हा दाबायचा. पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, पण गाडीचं पुस्तक आपल्याकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसीखाली झोपलेलं असतं.

"थांबा थांबा. डावीकडे भाऊ बसतात? मग चालवतं कोण?"

इथं काकूंनी शेंगा सोलणं थांबवलं. खरी बातमी ही होती.

"वहिनी! मायरी अकोल्याले गेल्त्या आयतवारी, सोता चालवत. जठारपेठेत भावाच्या दारात उतरल्या, तं भाऊ डावीकडून. भावजय म्हने पायतच रायली."

मला यात नवल वाटलं नाही, आणि हे मी काकूंना सांगितलंही. आपल्याकडच्या बायका बिनगिअरच्या गाडीला नव्या कुठं आहेत? लुना १९७२ ची. फिरोदियांची कायनेटिक होंडा १९८४ मध्ये आली, बटण दाबलं की चालू, गिअर नाही, क्लच नाही. तेव्हा घरातला पुरुष चेतकची मूठ पिरगाळून गिअर शोधत असे. मग २००१ मध्ये ॲक्टिव्हा. अमरावतीच्या अर्ध्या मास्तरणी, नर्सा आणि बँकेतल्या बाया कधीपासून 'दाबा आणि चला' याच पद्धतीनं हिंडत आहेत. गाडी आल्यावर मात्र त्यांच्यासमोर एकाएकी तिसरं पेडल उभं राहिलं आणि त्याच्यावर घरच्या पुरुषानं पहारा बसवला. चढावर गाडी मागं सरकली, बंद पडली, मागून भोंगे वाजले, शेजारी बसलेला ओरडला, की बाई किल्ली परत देऊन टाकायची. गाडी चालवण्याची भीती बहुतेकींना नव्हतीच. ओरडा खायचा कंटाळा होता.

"बरोबर बोलल्या," काकू म्हणाल्या. "मले बी आमच्या यायनं शिकवलं होतं. कॅम्पात. दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, ठेवा तुमची गाडी तुमच्यापाशी, मले ॲक्टिवा बरी."

अकोल्याच्या रस्त्याची गोष्ट निघाली तेव्हा काकूंची छाती जरा फुगली. लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर सलग टाकून झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. तेव्हा साऱ्या वऱ्हाडानं मोबाईलवर डांबराचे फोटो पाहिले. जगात कुठं कोणी डांबर इतक्या कौतुकानं पाहिलं असेल असं वाटत नाही.

पण एक सांगू का, त्या रस्त्यासाठी ऑटोमॅटिक घ्यायची काही गरज नाही. बडनेरा ओलांडलं की मॅन्युअल गाडीसुद्धा वरच्या गिअरला टाकून मूर्तिजापूरपर्यंत नुसती बसून राहते. क्लचची आठवण येते ती टोलवर आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हशींसाठी. डाव्या पायाचा घाम निघतो तो शहरात: आमच्याकडे जवाहर गेटच्या आत, इतवाऱ्यात, नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्याला, अकोल्यात गांधी रोडवर, टिळक रोडवर. हात-दोन हात सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. तिथं ब्रेक सोडला की गाडी आपोआप रांगायला लागते, हे सुख एकदा घेतलं की माणूस मागं फिरत नाही.

"पन सारेच ऑटोमॅटिक सारखे नसते म्हन्ते भाचा," काकूंनी अकोल्याची शेवटची माहिती बाहेर काढली. "चार जातीचे असते."

असतात खरे. जुना, पक्का, महाग तो टॉर्क कन्व्हर्टर. त्यात क्लचच्या जागी तेल काम करतं. सीव्हीटीत दात असलेले गिअरच नाहीत, दोन पुलींवर पट्टा फिरतो. चाल अगदी सरळ, पण जोरात दाबलं तर इंजिन ओरडतं आणि गाडी नंतर येते. तिसरा डीसीटी, दोन क्लचवाला. हायवेवर त्याच्यासारखा चपळ कोणी नाही. पण त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार रांगत्या गर्दीत तापतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे येतात, तेव्हा अकोल्यात गाडी काढायची नसते हे तिथल्या शेंबड्या पोराला कळतं. कोणी काढलीच तर डीसीटीची काढू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की माणसंच तापतात, क्लचचं काय घेऊन बसलात.

एएमटीवाल्यांनाही एक खोड सोडावी लागते. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलेटरवरच गाडी धरून ठेवायची, ही ती खोड. आतला क्लच घासत राहतो, आणि तो बदलण्याचा खर्च आपल्याच खिशातून. दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नये.

"अन् चिखलदरा? तिथं चढते का?"

चढते. परतवाडा सोडून घाट लागला की D वर ठेवलेली एएमटी मात्र गोंधळते. वळणावर पाय सैल झाला की तिला वाटतं रस्ता सपाट आला. वरचा गिअर टाकते, आणि पुढं चढ पाहून पुन्हा खाली येते. तिथं दांडी M वर घ्यायची आणि दुसरा गिअर आपणच धरायचा. उतरताना तर हे हवंच. अकराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून नुसत्या ब्रेकवर उतरलात तर पायथ्याशी येईस्तोवर जळका वास येतो. आणखी एक: यातल्या बऱ्याच गाड्यांना P नसतो. उभी करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. वहिनींनी सुरुवातीला P शोधला म्हणे, आणि भाऊंना फार दिवसांनी काहीतरी सांगायला मिळालं.

"पन बाई, धक्का नाई लावता येत," काकूंनी एकदम गंभीर होऊन सांगितलं.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वऱ्हाडात बॅटरी बसली की पानठेल्यावरची चार पोरं बोलवायची, धक्का मारायचा, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. गाडीही चालू होते आणि चार माणसांशी ओळखही. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तार जोडून चालू करावी लागते, नाही तर उचलून न्यावी लागते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर चालती चाकं जमिनीला टेकवून दोरीनं ओढतही नेऊ नये, आत मोडतोड होते. तालुक्याच्या गावातला मिस्त्री बॉनेट उघडतो, कान खाजवतो आणि सांगतो, "अकोल्याले न्या." आडगावी राहणाऱ्यानं, रोज वावरात गाडी घालणाऱ्यानं सध्या मॅन्युअलच ठेवावी, असं माझं मत. शहरात राहणाऱ्यानं उगाच मर्दानगीसाठी डावा पाय झिजवू नये.

"आमच्या पुतनीनं इंग्लंडात लायसन काढलं," काकू म्हणाल्या, "तिले आता गिअरची गाडी चालवाले बंदी. ऑटोमॅटिकवर परीक्षा देल्ली, तं ऑटोमॅटिकच चालवा."

तिकडे तसंच आहे, जपानातही तसंच. आपल्याकडे कारचं लायसन एकच. गाडीत दोन पेडल असोत की तीन, आरटीओला फरक पडत नाही. म्हणून एमएच २७ ची पोरगी ऑटोमॅटिकवर शिकून एमएच ३० मधल्या मामाची जुनी जीप काढायला मोकळी. ती निघेल का, हा वेगळा प्रश्न.

"आनि विजेच्या गाडीले तं गिअरच नाई म्हन्ते."

"नाहीच. एकच असतो, बदलायचा नसतो."

"म्हनजे भाऊले आवाजबी नाई येनार?" काकूंना त्यांची काळजी वाटली. मग त्यांनी माझ्या पोर्चकडे मान वळवली. तिथं आमची तीन पेडलांची, कागदोपत्री म्हातारी गाडी उभी होती. "तुमची इकाची हाय का वो? आमच्या भाच्याच्या पोट्ट्याले शिकाले पायजे. तो सोता शोरूममधी दिवसभर ऑटोमॅटिक इकते, अन् पोट्ट्याले म्हन्ते, पयले क्लचवर शिक. कोनाची गाडी कवा चालवा लागन, सांगता येत नाई."

"किती देईल?" मी विचारलं.

"थांबा, भाऊची जुनी कितीत गेली थे पयले काढून आनतो," म्हणत काकूंनी पायात चपला अडकवल्या आणि कोपऱ्याकडे निघाल्यासुद्धा.