लेक्समार्क शेवटी कुणाच्या घरात पडली

अहो काकू, ऐकलंत का? झेरॉक्स कंपनीनं ती प्रिंटरवाली लेक्समार्क कंपनी घेतली. 2025च्या 1 जुलैला व्यवहार पुरा झाला, सह्याबिह्या होऊन. शिळी बातमी म्हणाल, पण आमच्या झेरॉक्सच्या दुकानदारीत अजून तिचाच रवंथ चाललाय. टोनरवाला आला की तेच, मशीनचा मेकॅनिक आला की तेच. आमचे हे तर दुकानातलं गिऱ्हाईक सोडून त्याच गप्पांत रमतात.

कितीला ते विचारा ना! दीड अब्ज डॉलर, कर्जासकट. आपल्या हिशेबानं साडेबारा हजार कोटी धरा. आणि खरी गंमत पुढेच आहे. डिसेंबर 2024मध्ये सौदा जाहीर झाला, तेव्हा झेरॉक्सचे बाजारातले सगळेच्या सगळे शेअर विकत घ्यायचे म्हटलं असतं तरी त्याहून कमी पैशांत झालं असतं. म्हणजे घेणारी स्वस्त आणि घेतली जाणारी महाग! पैसा आणला कर्ज काढून. आणि वाचवला कुठून, तर भागधारकांच्या लाभांशातून. शेअरमागे वर्षाला एक डॉलर मिळायचा, तो आधी अर्ध्या डॉलरवर आणला, मग दहा सेंटवर. काकांना हे सांगू नका हं, त्यांना परक्याच्या लाभांशाचंसुद्धा दुःख होतं.

पण काकू, मला विचाराल तर झेरॉक्सपेक्षा लेक्समार्कचीच कहाणी जास्त चविष्ट आहे. माहेर आयबीएमचं. 1991मध्ये आयबीएमनं आपला प्रिंटर आणि टाइपरायटरचा धंदा विकून टाकला, त्यातून ही निघाली, अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी. प्रिंटर चांगले, पण स्वभाव भारी संशयी. आपल्या कार्ट्रिजमध्ये दुसऱ्या कुणी पावडर भरलेली हिला मुळीच खपायची नाही. कार्ट्रिज स्वस्तात द्यायची, पण अट घालायची की रिकामी झाली की आम्हालाच परत करा, दुसऱ्याकडे भरून घ्यायची नाही. अट पाळली जावी म्हणून आत चिप बसवली. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टॅटिक कंट्रोल नावाच्या कंपनीनं त्या चिपची जोडीदार चिप काढली. ती लावली की भरलेली कार्ट्रिजही बिनबोभाट चालायची. लेक्समार्कनं 2002मध्ये तिच्यावर खटला ठोकला. अपिलात लेक्समार्कचं म्हणणं टिकलं नाही, पण भांडण काही मिटलं नाही. या ना त्या कलमाखाली 2014मध्ये थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

आता ऐका हं. चीनमध्ये झुहाई शहरात एपेक्स म्हणून एक कंपनी, पुढे तिनं नाव घेतलं नाइनस्टार. धंदा काय, तर दुसऱ्यांच्या प्रिंटरना चालतील अशा कार्ट्रिज आणि चिपा बनवायच्या. लेक्समार्क ज्यांच्या नावानं बोटं मोडायची त्याच जातकुळीची. तिनं 2015मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली. आणि 2016मध्ये आणखी गुंतवणूकदार सोबतीला घेऊन लेक्समार्कच विकत घेतली, 3.6 अब्ज डॉलरना! वादी आणि प्रतिवादी दोघी एकाच घरच्या सुना झाल्या. असं कुठल्या मालिकेत दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच दाखवतात.

तरीही लेक्समार्कची खोड गेली नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाच्या छोट्याशा कंपनीवर खटला चालूच होता. ती रिकाम्या कार्ट्रिज गोळा करून, पुन्हा भरून विकायची. 30 मे 2017ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तो लेक्समार्कच्या विरोधात. वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, मग विक्री देशात झालेली असो की परदेशात. हे वाचून आमच्या ह्यांनी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. आमच्याकडे रिफिलवाला मुलगा येतो ना, पाठीवर बॅग घेऊन, तो तसं पाहिलं तर हेच करतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो, कार्ट्रिज उघडतो, उरलेली पावडर झटकतो. आतला हिरवट-निळा ड्रम दोन्ही कडांना धरून उचलतो, मधे बोट लागू देत नाही, आणि लगेच काळ्या कापडात गुंडाळून ठेवतो, कारण उजेड लागला की तो बिघडतो. मग नरसाळ्यानं पावडर ओततो, बूच लावतो, आणि शेवटी ती चिप बदलतो, टिकलीएवढी. पावडर फरशीवर सांडली तर मला ओरडून सांगतो, वहिनी, गरम पाणी नका टाकू. गरम पाण्यानं ती वितळते आणि डाग कायमचा बसतो. गार पाण्याचं फडकं फिरवायचं. तुमच्या नातवाच्या शर्टाला लागली तरी हेच लक्षात ठेवा.

हां, तर लेक्समार्क. पुढे 2023च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सरकारनं नाइनस्टारला काळ्या यादीत टाकलं. शिनजियांगमधल्या उईघुर लोकांना सक्तीनं कामाला लावण्याविरुद्ध त्यांचा कायदा आहे, त्याखाली. त्यात लेक्समार्कचं नाव नव्हतं, पण घरातल्या थोरल्यावर ठपका आला की बाकीच्यांना बाहेर तोंड दाखवायची पंचाईत होतेच. सरकारी कचेऱ्यांत प्रिंटर विकणाऱ्या अमेरिकन कंपनीला तर जास्तच. शेवटी विकली. 3.6 अब्जांना घेतली होती, दीड अब्जाला गेली.

आणि झेरॉक्सनं तिला का घेतलं? तीही काही सुखात नव्हती हो. तिची सोयरीक तर 1962पासून जपानच्या फुजीफिल्मशी, फुजी झेरॉक्स नावाची दोघांची कंपनी. 2018च्या जानेवारीत फुजीफिल्मनं सगळीच्या सगळी झेरॉक्स आपल्या पदराखाली घ्यायचा घाट घातला. तेव्हा कार्ल आयकान नावाचा एक बडा गुंतवणूकदार आडवा आला. दर कमी म्हणाला, अटी वाईट म्हणाला, कोर्टकचेऱ्या केल्या. मे महिन्यात सौदा मोडला, मुख्याधिकारी घरी गेले, आणि फुजीफिल्मनं अब्जभर डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला. 2019च्या नोव्हेंबरात झेरॉक्सनं आपला फुजी झेरॉक्समधला हिस्सा 2.3 अब्जांना विकून दावा मिटवला.

मग माणूस जरा शांत बसेल की नाही? छे! त्याच महिन्यात झेरॉक्सनं एचपीला मागणी घातली. एचपी बाजारभावानं तिच्या तिपटीहून मोठी! सुमारे 33 अब्ज डॉलर द्यायला निघाली, नकार आला तर फेब्रुवारीत बोली आणखी वाढवली. आयकानचे दोन्हीकडे शेअर, म्हणजे वरपक्षाकडूनही तोच आणि वधूपक्षाकडूनही तोच. एचपीनं दाद दिली नाही. 2020च्या मार्चअखेर कोरोना आला आणि झेरॉक्सनं मागणी मागे घेतली. लोक म्हणाले, कोरोनामुळे. मला विचाराल तर कोरोनानं तिची अब्रू वाचवली. आणि तो आयकान? 2023मध्ये त्याचे शेअर झेरॉक्सनंच 15.84 डॉलरच्या भावानं परत घेतले, 54 कोटी डॉलर मोजून. पुढे भाव दहाच्या खाली आला. तो मात्र वेळेवर मांडवाबाहेर पडला. असले लोक नेहमीच वेळेवर पडतात.

तुम्ही विचाराल, सगळ्यांनाच एकदम एकमेकांत मिसळायची एवढी घाई का झालीय? हे फक्त झेरॉक्सचं नाही बरं. रिको आणि तोशिबा टेक या दोन जपानी कंपन्यांनी जुलै 2024मध्ये इट्रिया नावाची एकत्र कंपनी काढली, मशीनच्या आतली यंत्रणा तिथे एकत्र बनते आणि वरचं नाव ज्याचं त्याचं. 2025च्या ऑक्टोबरात ओकीही त्यात शिरली. फुजीफिल्म आणि कोनिका मिनोल्टा यांनी सुटे भाग आणि कच्चा माल खरेदीसाठी एकत्र कंपनी केली. एप्सननं तर 2022मध्येच सांगून टाकलं की लेझर प्रिंटर 2026पर्यंत बंद, फक्त शाईचे विकणार. तसंही वरून नावं वेगळी असली तरी आतला माल आधीपासून एकमेकांकडूनच यायचा. एचपीच्या लेझर प्रिंटरच्या पोटात 1984पासून कॅननची यंत्रणा. झेरॉक्सची मोठी, ए-थ्री मशीनं फुजीफिल्म बनवते. आणि झेरॉक्सची काही छोटी मशीनं कोण बनवत होतं, सांगू? लेक्समार्कच! म्हणजे जिच्याकडून माल घ्यायची, तिलाच विकत घेतलं.

कारण एकच, काकू. पानं कमी झाली. मशीन विकून या धंद्यात कुणी श्रीमंत झालं नाही. कमाई आहे ती पानागणिक. ही युक्तीही झेरॉक्सचीच. 1959मध्ये तिनं 914 नावाचं पहिलं मोठं कॉपिअर काढलं, कपाटाएवढं, कधीमधी कागद पेटायचा म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं द्यायचे. एवढं महाग यंत्र कोण घेणार? म्हणून महिना 95 डॉलर भाड्यानं दिलं, त्यात 2000 प्रती, पुढे दर प्रतीला काही सेंट. लोकांनी इतक्या प्रती काढल्या की रॉचेस्टर शहरातली ही छोटी झेरॉक्स कंपनी जगभर गेली. तेव्हापासून सगळा संसार त्या प्रती मोजणाऱ्या मीटरवर.

आणि मीटर आता मंद फिरतो. आमच्या दुकानाचंच बघा. तहसील कचेरीसमोर आहोत, तरी पूर्वीची गर्दी नाही. डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर येतो, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, बँक म्हणते पीडीएफ पाठवा. मेकॅनिक मीटर रीडिंग घेतो आणि माझ्याकडे बघून काहीच बोलत नाही. त्यातल्या त्यात 2024च्या जुलैत सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुटले तेव्हा काय झुंबड होती! आधार, रेशनकार्ड, पासबुक, रांग पार रसवंतीपर्यंत. मशीन तापून कागद चुरगळून बाहेर यायचे, मी मधूनमधून बंद ठेवायची तर बायका माझ्यावरच खेकसायच्या. पण सरकार दर महिन्याला नवी योजना काढत नाही ना.

अमेरिकेतल्या कचेऱ्यांत तर लोक घरून काम करायला लागले, तिथे मशीन कोण चालवणार? झेरॉक्सनं 2024च्या जानेवारीत पंधरा टक्के माणसं कमी करायचं ठरवलं. एचपीनं 2025च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की 2028पर्यंत चार ते सहा हजार नोकऱ्या जातील. म्हणून मी म्हणते, ही सोयरीक हौसेची नाही, अडचणीची आहे. दोन कंपन्यांचे दोन कारखाने, दोन गोदामं, दोन हिशेबखाती, त्याचं एक करायचं आणि वाचलेल्या पैशातून कर्ज फेडायचं. जमलं तर जमलं. पण ज्या घरातली कमाई आटत चाललीय त्याच घरातली दुसरी आटती कमाई आणून जोडली, म्हणजे एकदम भरभराट व्हायची, असं मला तरी वाटत नाही. आमचे हे म्हणतात, तू बाई उगाच अपशकुन करतेस. असेल.

बरं, तुमचा नातू प्रिंटर घ्यायचं म्हणत होता ना? त्याला सांगा, डब्यावरच्या किमतीला भुलू नकोस. एचपीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी 2024च्या जानेवारीत उघडच सांगितलं होतं की प्रिंटर म्हणजे आमची ग्राहकात केलेली गुंतवणूक, त्यानं पुरेसं छापलं नाही किंवा आमची शाई वापरली नाही तर ती वाईट गुंतवणूक ठरते. एवढं स्पष्ट सांगितल्यावर आपण सावध नको का व्हायला? दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारायला सांगा: कार्ट्रिज किती रुपयांना, एका कार्ट्रिजमध्ये पानं किती निघतात, आणि बाहेरून भरलेली चालते की चिप अडवते. मशीनची किंमत त्यानंतर. आणि महिन्याला दहावीस पानंच लागणार असतील तर प्रिंटर घेऊच नका. पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे पाठवा त्याला, दुकान आठ वाजेपर्यंत उघडं असतं.