वांगं, वांगं आणि वांगं

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, तेव्हापासून आमच्या दिवाणावर बसून मी ढोबळ मानाने नऊ कोटी रुपये जिंकले आहेत. अमिताभचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर देतो. बरोबर आलं तर कॉलर ताठ करतो, चुकलं तर “मी तेच म्हणत होतो” म्हणतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने पहिले एक कोटी जिंकले. तो यूपीएससीची तयारी करत होता, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना त्या आठवड्यात दोन वेळचा चहा सन्मानाने मिळाला. मीही सौभाग्यवतीला म्हटलं, “बघ, हा प्रश्न मलाही येत होता.” ती म्हणाली, “अहो, मग त्या नऊ कोटींतून गिझरची कॉइल तेवढी बदलून घ्या.”

घरी दिवाण असतो, हातात पोह्यांची बशी असते, आणि चुकलं तर टाळ्या वाजवायला माणसं नसतात. तिकडे डोळ्यांवर दिवे, समोर कॅमेरा, आणि मेंदू नेमका त्याच क्षणी चहा प्यायला बाहेर गेलेला. अमेरिकेतल्या ‘फॅमिली फ्यूड’मध्ये एका स्पर्धकाला विचारलं, गरोदर बाईचं पोट कितव्या महिन्यात दिसू लागतं? गडी म्हणाला, “सप्टेंबर.” सूत्रसंचालक रिचर्ड डॉसन हसून हसून असा कोलमडला की पुढचे प्रश्न विचारणं त्याला जमेना. २०१७ साली ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’मध्ये एकाच्या पुढ्यात टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाचं नाव जवळजवळ पूर्ण उभं होतं. ‘नेम्ड’मधला एकच ‘एम’ भरायचा होता. त्याने ‘के’ मागितला. झालं ‘नेकेड’! नाव घ्यायचं सोडून पठ्ठ्याने इच्छेची वस्त्रंच उतरवली.

बरं, शहाणपण घाऊक भावात घ्यावं म्हटलं तर तेही भरवशाचं नाही. फ्रान्समधल्या ‘करोडपती’त प्रश्न आला, पृथ्वीभोवती काय फिरतं? स्पर्धकाने प्रेक्षकांचा कौल घेतला. निम्म्याहून अधिक प्रेक्षकांनी सूर्य फिरवला. त्याने लोकमताचा मान राखला आणि घरी गेला. कोपर्निकस जाऊन साडेचारशे वर्षं उलटली होती, पण बहुमतापुढे त्याचं काय चालणार!

मला मात्र या खेळांच्या इतिहासातली सगळ्यात फजितीची संध्याकाळ वाटते ती १९५६ सालची, आणि तिच्यात कोणी विनोदी उत्तरही दिलं नव्हतं. त्या सप्टेंबरात अमेरिकेत एनबीसीवर ‘ट्वेंटी-वन’ नावाचा खेळ सुरू झाला. दोन स्पर्धक दोन काचेच्या खोक्यांत, कानाला हेडफोन. पहिला भाग अगदी सचोटीने खेळला गेला, आणि तिथेच घात झाला. दोघांनाही काही म्हणजे काही येईना. प्रश्न येतोय, शांतता. पुढचा प्रश्न, पुन्हा शांतता. प्रायोजक होतं जेरिटॉल नावाचं लोहयुक्त टॉनिक, थकल्याभागल्या रक्तासाठीचं. ते विकायला बसवलेली दोन माणसं पडद्यावर अशी मख्ख दिसली तर बाटली कोण घेणार? प्रायोजकाने दुसऱ्याच दिवशी हजेरी घेतली, आणि निर्माता डॅन एनराइट याने ठरवलं, यापुढे अज्ञान बंद.

मग उत्तरं आधी पुरवली जाऊ लागली. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा गडी मुळात खरोखरच हुशार, पण त्याला गबाळा दिसायला लावलं. ढगळ सूट, तसाच केसांचा कट. घाम रुमालाने पुसायचा नाही, नुसता टिपायचा, याचीही तालीम झाली. काही आठवडे तो जिंकत राहिला. मग प्रायोजकाला त्याचा कंटाळा आला आणि चार्ल्स व्हॅन डोरेन सापडला. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, देखणा, कवीचा मुलगा. आपल्याकडे अशा स्थळाला पत्रिका न बघताच होकार जातो. डिसेंबरात स्टेम्पेलला हुकूम सुटला: हरायचं. प्रश्न होता, १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर ‘मार्टी’. हा सिनेमा त्याचा लाडका, त्याने तो तीनदा पाहिलेला. आणि त्याने साऱ्या देशासमोर सांगायचं, ‘ऑन द वॉटरफ्रंट’.

माझा जीव या स्टेम्पेलमध्ये अडकला आहे. येत नसताना आल्याचा आव आणणं मला पाळण्यापासून जमतं. बँकेतल्या साहेबांपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांसमोर मी तेच करत आलो. पण तोंडावर आलेलं उत्तर गिळून मूर्ख ठरायचं, तेही पगारी! १९५९ च्या नोव्हेंबरात व्हॅन डोरेनने संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. तोवर त्याच्या नावावर एक लाख एकोणतीस हजार डॉलर लागले होते. विद्यापीठातली नोकरीही गेली.

त्यामानाने ब्रिटनचा मेजर चार्ल्स इंग्रॅम म्हणजे आमच्या शाळेचाच विद्यार्थी. सप्टेंबर २००१ मध्ये तो तिथल्या ‘करोडपती’त दहा लाख पौंड जिंकला. पद्धत अशी की पर्याय मोठ्याने एकेक वाचत जायचं; बरोबर पर्यायाला मागे बसलेला एक प्राध्यापक खोकणार. शेवटचा प्रश्न, एकावर शंभर शून्यं म्हणजे काय? मेजर म्हणाला, ‘गुगोल’ हा शब्द मी कधी ऐकलेलाच नाही. आणि थोड्या वेळाने तेच उत्तर दिलं. चेक थांबला, २००३ मध्ये शिक्षाही झाली. आमच्या वेळी दहावीला बी पर्यायासाठी दोनदा नाक ओढायचं असं ठरलं होतं. मित्राला पडसं झालं आणि मी गाळलेल्या जागांत सगळीकडे बी लिहून आलो. फसवणुकीला सुद्धा प्रकृती ठणठणीत लागते.

चुकीचे निर्णय फक्त खुर्चीवरचेच घेतात असंही नाही. जानेवारी १९६१ मध्ये जॅकी ग्लीसन या नामांकित विनोदवीराने सीबीएसवर एक खेळ आणला. जत्रेत फोटोवाल्याकडे भोकं पाडलेला पडदा असतो ना, मागून मुंडकं घातलं की आपण वाघावर बसलेले दिसतो, तसा पडदा. नामवंतांनी त्यातून तोंड काढायचं आणि आपण कुठल्या चित्रात आहोत ते प्रश्न विचारून ओळखायचं. पहिला भाग सपशेल आपटला. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला पडदा नाही, पाहुणे नाहीत, मोकळ्या रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यात बसून ग्लीसनने पूर्ण अर्धा तास प्रेक्षकांची माफी मागितली. ती खेळापेक्षा कितीतरी रंगली म्हणतात. आपल्याकडच्या मालिकांनी ही प्रथा उचलली तर रात्री आठ ते अकरा नुसती माफीच लागेल.

आणि ऐंशीच्या दशकातला तो इंग्रज! ‘फॅमिली फॉर्च्यून्स’मध्ये त्याला विचारलं, समुद्रकिनाऱ्यावर जाताना लोक काय नेतात? “टर्की.” सुपरमार्केटात पहिल्यांदा काय घेतात? “टर्की.” मसाला भरून करतात असं खाणं? “टर्की.” तिसऱ्याला बिचाऱ्याला गुण मिळाले. डोक्यात एकदा एक पक्षी शिरला की तो निघत नाही, एवढंच.

मी त्याला वर्षानुवर्षं हसलो. मग गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने ‘खेळ पैठणीचा’ ठेवला. नवऱ्यांच्या हातात पाट्या, बायकांच्या हातात पाट्या, मध्ये जाड पडदा. सूत्रसंचालक म्हणजे सेक्रेटरींचा भाचा, अंगात चमचमता कोट. पहिला प्रश्न, बायकोची आवडती भाजी? हॅलोजन डोळ्यांवर आला आणि मी लिहिलं, ‘वांगं’. तिने लिहिलं होतं ‘दोडका’. पंचवीस वर्षांत आमच्या घरी दोडका का येतो हे मला त्या क्षणी कळलं. दुसरा, लग्नाआधी बघायला गेलात तेव्हा साडीचा रंग? मी लिहिलं, ‘वांगी’. ती पिवळ्या साडीत होती. मांडवात हशा. पहिल्या रांगेतल्या जोशीकाकू पदर तोंडाला लावून गदगदत होत्या. तिसरा, बायको तुमच्यावर चिडली की काय करते? हात आपोआप चालला: ‘वांग्याचं भरीत’.

पडदा सरला. तिच्या पाटीवर ‘भरीत’ लिहिलेलं होतं.

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. भाच्याने माइक तिच्यापुढे धरला, “काकू, भरीतच का?”

“गॅसवर वांगं धरून चांगलं काळं होईपर्यंत फिरवायचं असतं,” ती म्हणाली. “तेवढा वेळ मी वांग्याच्या जागी ह्यांना बघते.”

पैठणी तिलाच मिळाली. वांगी रंगाची आहे.