हरणांचा शनिवार

लंडनच्या बुशी पार्कमध्ये दर शनिवारी सकाळी ९ वाजता शेकडो माणसे कोणीही मागे लागलेले नसताना ५ किलोमीटर पळतात. २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी सुरू केलेला हा उपक्रम म्हणजेच आजची पार्करन. प्रवेश फुकट, दमछाकीचेही वेगळे शुल्क नाही.

उद्यानात तांबडी आणि फॅलो हरणे मोकळी हिंडतात. त्यांच्यापासून ५० मीटर अंतर राखावे, अशी सूचना आहे. ती हरणांपर्यंत पोहोचलेली नसल्याने एखादे ऐन वाटेत उभे राहून निवांत रवंथ करते. ही सेवाच मानावी, कारण धापा टाकणाऱ्याला थांबण्याचे सन्माननीय निमित्त मिळते. शरदात माजावर आलेले नर घसा फाडून ओरडतात, शिंगे भिडवतात. तेव्हा रेंगाळणाऱ्यांचा वेग प्रशिक्षकाविना सुधारतो. या नरांना स्वयंसेवकांचे चमकदार जाकीट देणे न्याय्य ठरेल. शिंगांवरून ते घालायचे कोणी, एवढीच प्रशासकीय अडचण.

राजा आठव्या हेन्रीच्या काळी याच कुरणात हरणे पळत आणि माणसे मागे लागत. आता माणसे पळतात, हरणे चरता चरता पाहतात. उत्क्रांती झाली ती नेमकी कोणाची, हे निकालपत्रात नसते. नोंदणीचा बारकोड नसलेल्याचे नाव त्यात येत नाही.