घर कसं सांभाळता?

विनोदी मालिकेतल्या अभिनेत्रीची मुलाखत घेणाऱ्यांचा एकदा जाहीर सत्कार व्हायला हवा. विनोदाचं टायमिंग, ऐनवेळी हातात पडलेली संवादांची पानं असल्या रुक्ष विषयांत ते वाचकाला अडकवत नाहीत. थेट विचारतात : घर आणि करिअर कसं सांभाळता? पाठोपाठ, डब्यात काय आणता?

१९९४ साली सुरू झालेली ‘तू तू मैं मैं’ घ्या. सून सुप्रिया पिळगांवकर, सासू रीमा लागू. प्रत्यक्षात दोघींच्या वयात अंतर नऊएक वर्षांचं. छत्तिशीतल्या बाईची सासूपदी नेमणूक कोणत्या निकषावर होते, असं विचारणं औचित्याला धरून झालं नसतं. (रीमाताई त्याआधीच, १९८९च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये सलमान खानच्या आई झाल्या होत्या, तो त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. सेवाज्येष्ठता होतीच म्हणायची.)

आता घर सांभाळण्याचा प्रश्न मुलाखतीपुरताच का ठेवायचा? मालिकेच्या करारालाच घरसांभाळ प्रमाणपत्र जोडावं. सोबत रेशनकार्डाची झेरॉक्स, कुकरच्या शिट्यांचा तपशील आणि सासूबाईंची सही. सासू पडद्यावरची चालणार नाही. मूल आजारी पडल्यास त्या दिवशीचे विनोद पुढच्या भागात भरून द्यावेत.

‘तू तू मैं मैं’चे दिग्दर्शक सचिन, म्हणजे सुप्रियाताईंचे यजमान. घर एकच, सेटही एकच. पण दिग्दर्शकांना प्रमाणपत्रातून सूट असावी. त्यांच्या अर्जात घराचा रकाना असतो तो फक्त पत्त्यासाठी.