पळालो नव्हतो, एवढं लिहून द्या

प्रति,
श्रीमती अस्वलबाई (दोन लेकरांची आई),
वारुळाजवळ, मोहाच्या झाडाखाली, माहूरचं जंगल.

विषय : मी पळालो नव्हतो, असा दाखला मिळणेबाबत.

बाई,

साष्टांग नमस्कार. लोक हा शब्द पत्रात नुसता लिहून मोकळे होतात. मी आता त्याचा सराव केलाय. अस्वल अंगावर आलंच तर पालथं पडावं, पोट जमिनीला टेकवावं, दोन्ही हात मानेमागं धरावेत, असं जाणकार सांगतात. मला हे घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर पाच मिनिटं पडतो. शेजारच्या काकांना वाटतं, योगासनं सुरू केली.

मायन्यावरून घरात वादच झाला. मी 'सौ.' लिहिलं होतं. पण तुमच्यात लेकरं वाढवायला यजमान थांबत नाहीत, सगळं आईच बघते, असं वाचनात आलं. ते बायकोला सांगितलं तर तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मग वेगळं काय झालं?" म्हणून 'श्रीमती'.

ओळख देतो. मी वसमतचा. जुनी माणसं बसमत म्हणतात. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात गेली की आमच्याकडच्या माणसाला पहिल्यांदा उधारी आठवते आणि लगेच रेणुकामाय. म्हणून चैत्रात माहूर. सात जणांच्या गाडीत नऊ जण, शिवाय धपाटे, ठेचा, दह्याचं गाडगं आणि मावशी. मावशी वेगळी मोजावी लागते, कारण नांदेड येईपर्यंत ती एकटीच बोलते. देवीचं दर्शन झालं, कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडात टाकला, दत्तशिखर झालं, अनसूया झाली. परतताना मेव्हणा म्हणाला, हॉटेलात कशाला, जंगलात सावलीला बसून जेवू. रस्ता सोडून दोनेकशे पावलं आत नाल्याच्या काठाला सतरंजी टाकली. खाली मोहाची फुलं पडलेली, वास असा गोडसर की लेकरं म्हणाली, इथं कुणी गूळ सांडलाय का.

ते तुमचं ताट होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. ताटावरच सतरंजी अंथरली, त्याबद्दल दिलगीर आहे.

आता माझी तक्रार. तासभर आम्ही जो कालवा करत होतो तो पैनगंगेपलीकडं ऐकू गेला असेल. गाडीतलं गाणं चालू, मावशी चालू, लेकरं झाडावर. त्या तासाभरात तुम्ही आला नाहीत. 'जंगलात शांतता राखा' अशा पाट्या आम्ही आयुष्यभर वाचल्या आणि एकही पाळली नाही. नेमका त्या दिवशी मेव्हण्याला व्हिडिओ काढायचा होता. तो म्हणाला, शूऽऽ, पाखरांचा आवाज येऊ द्या. आख्ख्या खानदानानं जन्मात पहिल्यांदा एक मिनिट तोंड मिटलं आणि त्याच मिनिटात तुम्ही हजर. आता कळलं की तुमची नजर अधू, नाक मात्र तिखट. आणि वारुळात तोंड खुपसलं की तुम्हाला जगाचं भान नसतं. माणसं बोलत आली की तुम्ही आपण होऊन बाजूला होता, गप्प आली की दोघांचीही गाठ अवचित पडते. म्हणजे मावशीची बडबड हा आमचा विमा होता, आणि हप्ता आम्हीच थांबवला.

आधी आवाज आला. फवारणीच्या पंपात हवा भरल्यावर येतो तसा, भुस्स, भुस्स, मग काहीतरी ओढून घेतल्यासारखा. तुमचे वरचे मधले दोन दात मुळातच नसतात, त्या फटीतून तुम्ही वाळवी ओढून घेता आणि माती आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता, हे सगळं नंतर वाचलं. त्या क्षणी मी म्हणालो, "कुणाचा तरी टायर गेला." मग वारुळामागून तुम्ही उठलात. नुसत्या उठला नाहीत, दोन पायांवर उभ्या राहिलात. काळा केसाळ डोंगर, छातीवर पांढरट पट्टा, नखं मोळी बांधायच्या आकड्याएवढी. आणि पाठीवरून दोन तोंडं डोकावत होती. लेकरांनी केस घट्ट धरले होते. तुम्ही खाली टेकलात, एकदा हुंगलंत, त्यांना तसंच पाठीवर घेऊन नाल्यापलीकडं निघून गेलात. घाई अशी काही नव्हती.

इथंच माझी पंचाईत झाली, बाई. तुम्ही दोन्ही लेकरं घेऊन गेलात. माझीही दोन होती. ती झाडावरच राहिली. मी गाडीत होतो, काच वर करून, हातात धपाट्यांचा डबा.

मी पळालो नाही. मी तुमच्यावर नजर ठेवून सावकाश मागं सरकत होतो, जाणकारही तसंच सांगतात. सरकण्याचा वेग जरा वाढला असेल. पण शाळेच्या पुस्तकातली ती दोन मित्रांची गोष्ट बायकोला पाठ आहे. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो, अस्वल त्याच्या कानात काहीतरी सांगून जातं. ती रोज विचारते, "तुमच्या कानात काय सांगितलं असतं हो?" बारका पोरगा म्हणतो, "सांगायला कान जागेवर पायजेत ना."

खरं तर आपली ओळख जुनी. मी चार वर्षांचा असताना आमच्या गल्लीत दरवेशी यायचा. आईनं मला त्याच्या अस्वलाच्या पाठीवर बसवलं, भीती जाते म्हणून. वर अस्वलाच्या केसाचा ताईत गळ्यात बांधला. चार आणे गेले, भीती आहे तिथंच आहे. त्या अस्वलाच्या नाकातून दोरी होती. ती टोचून घातलेली असते आणि आधी दात पाडलेले असतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. 1972 च्या कायद्यानं हा धंदा बंद म्हणून जाहीर केला, तरी नाचवलं जाणारं शेवटचं अस्वल सुटायला 2009 उजाडलं. माझा ताईत मात्र बायकोनं कपाटातून परवाच काढून दाखवला.

तुम्हाला लोक काय काय म्हणतात! जॉर्ज शॉ नावाच्या साहेबानं 1791 मध्ये तुमची नखं बघून तुम्हाला झाडाला उलटं लोंबकळणाऱ्या आळशी प्राण्याच्या घराण्यात घातलं. चूक पुढं सुधारली, पण इंग्रजी नावातला आळस तसाच राहिला. एक चुकीची नोंद माणसाला जन्मभर कशी चिकटते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. म्हणून तर दाखला मागतोय.

वसमतला पोचेपर्यंत तुमची उंची साडेसहा फूट झाली होती. चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी ती आठ झाली आणि बिबट्याही जोडीला आला. मेव्हण्याच्या व्हिडिओत फक्त माझी पाठ दिसते. एकानं विचारलं, 2019 मध्ये टिपेश्वरहून निघून आपल्या हिंगोली जिल्ह्यातून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत तो वाघ चालत गेला, त्यानं तरी एवढी घाई केली होती का? त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा वेग नोंदला गेला. माझा नोंदला नाही, एवढीच देवीची कृपा.

हसण्यावारी नेतोय खरा, पण एक गोष्ट घशात अडकते. परतताना रस्त्याला एक म्हातारी भेटली, टोपल्यात मोहाची फुलं. मी धापा टाकत अस्वलाचं सांगितलं. तिनं पदर बाजूला केला. कानापासून हनुवटीपर्यंत जुना व्रण. म्हणाली, "हां, पहाटं येत्यात ती. आमीबी पहाटंच जातो." फुलं रात्री गळतात, उन्हं चढली की सुकतात, म्हणून दोघींची वेळ एकच. तिनं अस्वलाला एक शिवी दिली नाही. आम्ही तिला दोन धपाटे दिले आणि मेव्हणा म्हणाला, सेल्फी घेऊ का. मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, तो वेगळा.

सरकारी मदतीच्या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर तुमचंही नाव आहे. पण अर्जाला जखम लागते. अब्रूच्या जखमेचा पंचनामा करणारा तलाठी अजून जन्मायचाय. वसमतच्या हळदीला मानांकन मिळालं, पण या जखमेवर तीही लागत नाही. तेव्हा तुम्ही एवढंच लिहून द्या की सदर इसम मागं सरकत होता. अंगठा नको, पंजाचा ठसा चालेल. टपालानं पाठवा, प्रत्यक्ष येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
सतरंजीवाला (वसमत)

ता. क. डब्याचं झाकण तिथंच राहिलंय. स्टीलचं आहे, त्यावर बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलीय. तिनं मला ते आणायला सांगितलंय. एकट्याला.