सहावी चुणी

जेल रोडवर आमच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये चौतीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासले. १९२५ साली प्रेस सुरू झाली, त्याआधी आपली तिकिटं लंडनहून छापून यायची, हे ते अशा थाटात सांगतात, जणू बोटीवरचा माल त्यांनीच मोजून घेतला होता. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. चिवड्यातला शेंगदाणासुद्धा ते उलटसुलट करून पाहतात आणि मगच पास करतात.

अशा माणसाला घेऊन काकू पडदे घ्यायला निघाल्या. साधे नव्हे, झालरीचे. गंगापूर रोडला कुणाच्या तरी वास्तुशांतीत त्यांनी तो थाट पाहिला होता: खिडकीच्या माथ्यावर अर्धचंद्रासारख्या चुण्या, दोन्ही अंगांना लोंबती शेपटं. दुकानदार त्याला स्वॅग म्हणतात. सिंहस्थाला नागपूरची नणंद येणार, तोवर खिडक्या सजल्या पाहिजेत, असा काकूंचा हुकूम. (हा हुकूम मूळचा २०१५च्या सिंहस्थाचा. नणंद तेव्हा आली, रामकुंडात डुबकी मारून परतही गेली. नाना नमुनेच पाहत होते.)

या खेपेला काकूंनी मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. रविवार कारंज्याजवळच्या दुकानात शिरताच नानांनी खिशातून भिंग काढलं. सराफ बाजार हाकेवर असल्यामुळे दुकानदाराला वाटलं, काका चुकून इकडे आले. नानांनी कापडाचं टोक ट्यूबलाइटसमोर धरलं.

"अहो, काय शोधताय?"

"वॉटरमार्क," नाना बोलून गेले आणि ओशाळले.

मग चौकशी सुरू झाली.

"हा उघडतो कसा?"

"उघडत नाही, काका. नुसती झालर आहे."

"मिटतो तरी?"

"मिटतही नाही. शोभेसाठी असते."

नाना माझ्याकडे वळले. "आपल्या सोसायटीला असा एक चेअरमन होता, आठवतो?"

खिडकी चार फुटांची. चुण्या भरदार हव्यात तर झालर जेवढी खाली येते त्याच्या दुप्पट, जमल्यास अडीचपट कापड धरा, असं दुकानदार म्हणाला.

"म्हणजे निम्मं वाया?"

"वाया कसलं, चुण्यांत जातं."

"कुठे जातं ते मी विचारलंच नाही."

तरी त्यांनी एक कापड पसंत केलं होतं. उभ्या बारीक रेघांचं. रेघ सरळ आहे की नाही, हे तपासता तरी येतं! पण टेलरमास्तरांनी मान हलवली. झालर उरेब कापतात, तेव्हाच चुणी अशी मऊ, गोल पडते, आणि उरेब कापल्यावर रेघा तिरप्या धावतात. केसभर तिरपी छपाई ज्यांनी चौतीस वर्षं बाजूला काढली, त्यांना आता पदरचे पैसे मोजून तिरपं घ्या म्हणत होते. नाना पाणी प्यायले. आम्ही घरी आलो.

अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत काकूंनी एका साध्या मोरपंखी कापडावर पर्स ठेवली आणि पावती फाडायला सांगितली. "नजरचुकीने पास झालं," नाना रिक्षात म्हणाले.

झालरी लागल्या त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता. मास्तर शिडीवरून उतरले, नाना भिंग घेऊन स्टुलावर चढले. खिडकीवर दोन झालरी, मधोमध गाठ. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"उजवीकडे पाच चुण्या. डावीकडे सहा."

काकूंनी शिऱ्यावर ताट झाकलं. मास्तर घाईने म्हणाले, "उद्या उसवून देतो, काका."

नाना उतरेनात. चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. १८५४ साली चार आण्यांच्या काही तिकिटांवर व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं छापलं गेलं, ते तसंच बाहेर पडलं आणि आज जगभरचे संग्राहक त्या तिकिटासाठी जीव टाकतात, ही हकिकत त्यांनी स्टुलावरूनच मास्तरांना सांगितली. जन्मभर असला माल त्यांनी स्वतःच्या हाताने बाद केला होता.

"हात लावायचा नाही," नाना म्हणाले. "शिरा आणा."

आता त्यांच्याकडे गेलं की पाणी नंतर, आधी डावीकडच्या चुण्या मोजाव्या लागतात. परवा मी मुद्दाम पाच म्हणालो, तर त्यांनी भिंग पुढे केलं.